सोलापुरात १ लाख ३६ हजार मनोरुग्ण? हा गुणाकारच चुकीचा

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय: “सरकारी सर्व्हेनुसार देशात दर सातवा माणूस मनोरुग्ण. १९९० पासून रुग्ण दुप्पट. सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार, म्हणजे आपल्याकडे १ लाख ३६ हजार मनोरुग्ण! खालचे नऊ प्रश्न सोडवा, दहा किंवा जास्त गुण आले तर तुम्हीही त्यातलेच.” एकेक दावा घेऊ.

“सरकारी सर्व्हे, दर सातवा”
ही दोन वेगळ्या कामांची खिचडी आहे. घरोघरी जाऊन झालेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६चं, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी विकार होता, म्हणजे साधारण दहात एक. सातात एक (१४.३ टक्के) हा जागतिक रोगभार अभ्यासाचा २०१७चा अंदाज. तो अनेक ठिकाणची माहिती जोडून गणितानं काढलेला आहे. त्यात मुलंही आहेत, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमताही आहे. ‘मनोरुग्ण’ म्हटल्यावर लोकांच्या मनात येतात ते तीव्र विकार निम्हान्सच्या पाहणीत ०.८ टक्के होते. दारूच्या व्यसनाचा विकार ४.६ टक्के. तंबाखू तर १०.६ मध्ये धरलेलीच नाही.

“रुग्ण दुप्पट”
नाही. देशाच्या एकूण रोगभारातला (आजारांमुळे गमावलेल्या निरोगी आयुष्यातला) मनोविकारांचा वाटा २.५ वरून ४.७ टक्क्यांवर गेला. जुलाब, गोवर अशा आजारांचा भार घटला की उरलेल्यांचा वाटा वाढणारच.

“दहा गुण म्हणजे रुग्ण”
सगळ्यात जास्त नुकसान हा दावा करतो. मेसेजमधली नऊ प्रश्नांची ही प्रश्नावली (पीएचक्यू-९) नैराश्याची चाळणी आहे, निदान नव्हे. मूळ तपासणीत दहा गुणांच्या रेषेवर तिनं नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर सोडले. आता हजार लोक घ्या, त्यात खरं नैराश्य ३० जणांना. चाळणीत त्यांतले २६ सापडतील. उरलेल्या ९७० मधले ११६ मात्र विनाकारण अडकतील. एकूण १४२, म्हणजे १४ टक्के! खरे होते ३ टक्के. म्हणून निम्हान्सनं गुणांवर न थांबता ‘मिनी’ नावाची, निदानाच्या निकषांवर बेतलेली मुलाखत वापरली.

“म्हणजे सोलापुरात १ लाख ३६ हजार”
निम्हान्सचं सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. सोलापूरचा आकडा हवा असेल तर तो सोलापुरातच मोजावा लागेल. प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास धरून, दोन टक्के इकडेतिकडे चालवून घेतलं, तरी किमान ८६५ माणसं लागतात. एका वस्तीतली माणसं बरीचशी सारखी असतात, म्हणून दुप्पट: १,७३०. पंधरा टक्के भेटणार नाहीत हे धरून यादी सुमारे २,०३५ नावांची. तीव्र विकार ०.८ टक्केच असल्यानं त्यांचा आकडा ०.२ टक्क्याच्या फरकानं हवा असेल तर हाच हिशेब, न भेटणारे धरण्याआधीच, १५ हजारांवर जातो.

खरी कसोटी दारात. दुपारी पूर्व भागात गेलं तर बायका विड्या वळत बसलेल्या भेटतील, यंत्रमागावरचे पुरुष पाळीवर. देशपातळीवर प्रमाण पुरुषांत १३.९ आणि बायकांत ७.५ टक्के होतं. म्हणजे जे भेटले तेच मोजले तर आकडा आपोआप खाली येतो. म्हणून ज्याचं नाव चिठ्ठीत निघालं त्याच्याकडेच पुन्हा जायचं, पाळी सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी. शेजारच्याला विचारून भागवायचं नाही. घरात तेलुगू बोलत असतील तर प्रश्न तेलुगूत, आणि ते भाषांतर तिसऱ्याकडून उलट मराठीत आणून आधी ताडलेलं. “उदास वाटतं का?” याला “छे” म्हणणारी बाई “झोप लागत नाही, छातीत धडधडतं” हे लगेच सांगते, पण सासू उंबऱ्यात बसली असेल तर तेही नाही. मुलाखतीला वेगळी जागा मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि नाहीच मिळाली तर तशी नोंद फॉर्मवर करावी लागते.