गुडमनच्या आधी डॉड्स का?

नमस्कार. वेळ काढून सविस्तर लिहिलंत, आभार. जॅझ क्लॅरिनेटच्या जुन्या रेकॉर्डिंगांची मी जी यादी दिली होती, तिच्यावर तुमचा आक्षेप असा, की बेनी गुडमन आणि जॉनी डॉड्स या दोन क्लॅरिनेटवादकांपैकी गुडमनला मागे टाकून डॉड्सच्या 'बेसूर आणि खरखरीत' रेकॉर्डी मी नवख्यांच्या माथी मारतोय. क्रम मात्र मी बदलणार नाही.

'बेसूर' तर मला अजिबात मान्य नाही. डॉड्सचं १९२६ सालचं 'पर्डिडो स्ट्रीट ब्लूज' पुन्हा एकदा शांतपणे लावा. तो स्वराला खालून भिडतो, मग वर ओढतो, आणि लांबवलेल्या स्वरावर जाड, रुंद कंप देतो. ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीतशैलीतले गंधार-निषाद बरेचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधेच कुठेतरी लागतात. पियानोवर त्या जागेची पट्टीच नाही. याच रेकॉर्डवर लिल हार्डिन पियानोवर आहे. तिला जो स्वर काढताच येत नाही तो डॉड्स फुंकरीतून काढतो, आणि दोघं एकत्र वाजतात तेव्हा तो घासतो. हे घासणं म्हणजेच तर ब्लूज!

खरखरीचं म्हणाल, तर कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये डॉड्सने १९२३ साली रेकॉर्डिंग केलं तेव्हा माइकच नव्हता. सगळा बँड आवाज टिपणाऱ्या एका भोंग्यासमोर वाजवायचा. तुम्ही सुचवलेल्या 'स्वच्छ' आवृत्त्या मी ऐकल्या आहेत. खरखर काढण्याच्या नादात वरचे सूक्ष्म स्वरही छाटले जातात, रीडची (क्लॅरिनेटच्या तोंडाशी कंप पावणाऱ्या पातीची) धार जाते, आणि क्लॅरिनेट बंद दाराआडून ऐकू यावं तसं वाटतं. त्यापेक्षा जॉन आर. टी. डेव्हिस यांनी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मूळ तबकड्यांवरून उतरवलेल्या आवृत्त्या मिळवा. खरखर थोडी राहते, पण वादकाचा श्वासही राहतो.

गुडमन थोर आहेच, त्यात वाद नाही. पण तो शिकागोत वाढला, तिथल्या फ्रान्झ शोएप यांच्याकडे शिकला. क्लॅरिनेटवादक जिमी नूनही शोएप यांचाच विद्यार्थी. नूनच्या एपेक्स क्लब बँडची १९२८ सालची रेकॉर्डिंगं ऐका: बँडमध्ये ट्रंपेट नाही, क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, आणि पियानोवर अर्ल हाइन्स. त्यानंतर लगेच गुडमनची १९३५ सालची टेडी विल्सन आणि जीन क्रुपाबरोबरची त्रयी लावा. गुडमनच्या त्या सफाईमागे काय काय आहे, ते तेव्हा ऐकू येतं. उलट्या क्रमाने गेलात तर डॉड्स आणि नून कच्चे वाटतात, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं तेच झालंय असं मला वाटतं.

क्लॅरिनेटवादक आर्टी शॉ पुढच्या भागात येईल.