बत्ती हिरवी झाली म्हणजे झालं व्हय?

काल विजेच्या गाडीचा चार्जर बसवायला माणूस आला. पार्किंगात भिंतीला बॉक्स ठोकला, वायर जोडली, बटण टाकलं, लाल बत्ती. चार्जर म्हणतोय अर्थिंग नाही. म्हणजे मशीनला कळतंय बघा. ह्या पठ्ठ्यानं काय करावं? झाकण उघडलं, खिशातनं वीतभर हिरव्या वायरचा तुकडा काढला, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ एकमेकाला जोडलं, झाकण लावलं. बत्ती हिरवी. "ओके झालं सर, एक फोटो काढतो."

ओके?? अरे लेका, उद्या मागं कुठं न्यूट्रल तुटला तर गाडीचा अख्खा पत्रा २३० व्होल्टला बसतोय आणि पोरगी शाळेला जाताना ओल्या हातानं दाराचं हँडल धरणार. वर म्हणतो, "सगळीकडं असंच करून देतोय सर, कुणाची कंप्लेंट नाही." कंप्लेंट करायला माणूस उरायला पाहिजे की! आणि तो तुकडा खिशात तयार होता हो, कापून, टोकं सोलून. म्हणजे रोजचंच आहे हे. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, कुठाय विचारलं तर "एमसीबी लावलाय की". एमसीबी जादा करंटला पडतो, वायर वाचवतो बाबा, माणूस नाही. तुकडा काढायला लावला आणि पाठवून दिला.

शोरूममध्ये तर काय गोडवा! "इन्स्टॉलेशन फ्री सर." फ्री म्हणजे भिंतीला स्क्रू फ्री, वायर, एमसीबी, अर्थिंग सगळं आपलं आपण. ७.२ किलोवॅटचा बॉक्स, म्हणजे ३१-३२ अँपिअर तासन्‌तास ओढणार, त्याला ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाहिजे म्हटलं तर सेल्सवाला मला अॅप दाखवतोय. अॅपमध्ये गाडी किती चार्ज झाली ते कळतं म्हणे. पार्किंगात रेंज येत नाही भावा, तुझं अॅप घेऊन काय चुलीत घालू?

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानात ए टाईप आरसीसीबी मागितला, ३० मिलिअँपिअरचा. दुकानदार म्हणतो, "चार्जर एसीच हाय न्हवं? मग एसी टाईपच घ्या, मॅच होतंय." मॅच! साडीवर ब्लाऊज घ्यायला आलोय का मी? एसी टाईपला नुसतं एसी लिकेज कळतं, ए टाईपला धक्क्याधक्क्यानं येणारं डीसी पण. गाडीतनं तसं डीसी लिकेज आलं तर तो एसी टाईप नुसता बघत बसणार.

आणि बिल्डर. त्याला तर मी विसरलेलोच नाही. त्यानं दाखवलेलं 'अर्थिंग' उकरून बघितलं तर पट्टी कुंडीमागं फरशीखाली संपलेली, खाली कोळसा नाही, मीठ नाही, प्लेट नाही, काय नाही. ऑइल इंजिनं आणि कास्टिंगं करणारं हे गाव, आणि इथं एक धड अर्थिंग मिळेना. सेक्रेटरी काका वेगळेच, "गिझरच्या पॉइंटवर लावा की, तो १६ अँपिअरचा हाय." काका, गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी ३२ अँपिअरनं रात्रभर, सॉकेट वितळलं की वास तुमच्याच बेडरूममध्ये येणार. बॉक्स जरा वर लावा म्हटलं तर "कशाला?" २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कुठवर आलेली ते विसरले वाटतं.

बायको म्हणते तुझं डोकं फिरलंय. असेलही. परवा एका लग्नात जेवायचं सोडून मी मंडपवाल्याच्या बोर्डात वाकून बघत होतो, कुणीतरी मला वायरमन समजून फॅन वाढवायला सांगितला. मी वाढवला पण. मिसळीला बसलो की मित्र आता लांबच्या टेबलवर सरकतात, अर्थिंगचा विषय निघायच्या आत.

शेवटी उद्यमनगरातला एक म्हातारा मिस्त्री सापडलाय, स्वतःचा अर्थ टेस्टर असलेला. नवीन खड्डा मारून देतो म्हणाला, पण रीडिंगवर आत्ता विश्वास ठेवू नका, पावसात माती ओली असते, आकडा चांगलाच येतो, मे महिन्यात परत मोजू. तोवर गाडी पब्लिक चार्जरवर, आणि तिथं कायम कुणाची तरी पेट्रोलची गाडी आडवी लावलेली.