दोन तासांत कॉम्प्रेसर? मग नळ्यांत काय राहिलं तेही सांगा

पॅकेज्ड एसीचा कॉम्प्रेसर बदलण्याबद्दलचा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘हे खरं का?’ असं विचारत. थोडक्यात असं: मेन स्विच बंद करा, गॅस हवेत सोडून द्या, जुना कॉम्प्रेसर टॉर्चने सोडवा, नवा जोडा, थोडा गॅस सोडून आतली हवा ढकलून काढा, प्रेशर बघून गॅस भरा. दोन तासांचं काम. नायट्रोजन, व्हॅक्यूम (पंपाने नळ्या निर्वात करणं), नवा ड्रायर (ओलावा-कचरा धरणारा फिल्टर) ही सगळी बिल फुगवायची निमित्तं.

बिल फुगवणारे आमच्या धंद्यात आहेत, ते मी नाकारत नाही. पण निमित्त म्हणून जे वगळलंय तेच तर काम आहे. कॉम्प्रेसर बोल्टांवर बसवणं हा त्यातला सोपा भाग.

मजकूर सुरूच होतो ‘कॉम्प्रेसर गेला’ असं धरून. कुणी ठरवलं गेला म्हणून? तापलेल्या कॉम्प्रेसरचा आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उघडला की वाइंडिंग, म्हणजे मोटरची तारेची गुंडाळी, तुटल्यासारखं दिसतं. तो निवायला तास-दोन तास, कधी त्याहून जास्त लागतात. तेवढा धीर न धरल्यामुळे धडधाकट कॉम्प्रेसर भंगारात गेलेले मी पाहिलेत. थंड झाल्यावर तिन्ही फेजमधला रेझिस्टन्स मोजा (तो जवळपास सारखा हवा) आणि अर्थशी मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासा. आणि तो खरोखर जळाला असेल तर का जळाला, हे नवा आणण्याआधी शोधा. कंडेन्सर कॉइल कचऱ्याने बुजलेली असेल, कॉन्टॅक्टरचे (कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट खाल्लेले असतील, फिल्टर तुंबून द्रव गॅस परत येत असेल. किंवा व्होल्टेजच असमान असेल. समजा तीन फेजमध्ये 410, 415 आणि 396 आले. सरासरी 407, सगळ्यात मोठा फरक 11, म्हणजे 2.7 टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण वाइंडिंगची तापमानवाढ साधारण या टक्केवारीच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी चढते. इथे ती 15 टक्क्यांच्या आसपास जाते. हे तसंच ठेवून बसवलेला नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जाणार.

‘मेन स्विच बंद करा.’ बरोबर, पण अर्धवट. स्विचला कुलूप घाला आणि चिठ्ठी लावा. तुम्ही छतावर असता आणि खाली कुणीतरी ‘एसी कोणी बंद केला?’ म्हणत स्विच वर करतो. मग मीटर आधी चालू लाइनवर तपासा, त्याने युनिटचे तिन्ही फेज बघा, आणि पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मीटरच मेला नाही ना ते कळतं. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय सोडा, रेझिस्टर लावून रिकामा करा. आणि एक गोष्ट नव्या पोरांना कुणी सांगत नाही. आत गॅसचं प्रेशर असताना कॉम्प्रेसरच्या टर्मिनलचं झाकण उघडायचं नाही. जळताना पिनचं सील कमकुवत झालेलं असेल तर पिन गोळीसारखी सुटते, तिच्यामागून तेल आणि गॅस येतो, आणि ठिणगी मिळाली की पेटतो. गॅस निघेपर्यंत मोजमाप कॉन्टॅक्टरच्या टोकाकडून घ्यायचं.

‘गॅस हवेत सोडा.’ एक किलो आर-410ए (एसीतला एक गॅस) हवेत गेला की सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात धरली जाते. कित्येक देशांत हा सरळ गुन्हा आहे. तेही बाजूला ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद प्लांट रूममध्ये खाली साचतो आणि माणसाला श्वास घ्यायला हवा उरत नाही. आर-32 असेल तर तो पेटूही शकतो. गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लावा, सिलिंडर 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका.

‘टॉर्चने सोडवा.’ जुन्या नळीत तेल असतं, वाफ असते. जोड वितळून सुटला की ते ज्योतीवर येतं आणि तोंडासमोर भडका उडतो. उरलासुरला गॅस ज्योतीत गेला तर हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आर-22 असेल तर फॉस्जीनही. कटरने कापा. दोन मिनिटं जास्त लागतील.

नायट्रोजनबद्दल बोलायचं तर मला नळीचा तुकडाच दाखवावासा वाटतो. नायट्रोजन न सोडता ब्रेझिंग केलेला, म्हणजे टॉर्चने धातू वितळवून जोडलेला, जोड उभा चिरा. बाहेरून चकचकीत, आतून तव्याच्या बुडासारखा काळा. नखाने खरवडलं की पापुद्रे सुटतात. हेच पापुद्रे पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जाळीत आणि नव्या तेलात जातात. नळीतून नायट्रोजन वाहता ठेवला, अगदी गालावर जेमतेम जाणवेल इतकाच, तर तोच जोड आतून तांब्याच्या रंगाचा राहतो. मग त्याच नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, नेमप्लेटवरच्या मर्यादेत प्रेशर टेस्ट. ऑक्सिजनने कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

आता व्हॅक्यूम. ‘गॅस सोडून हवा ढकला’ ही युक्ती जुन्या मिनरल ऑइलच्या काळातही वाईटच होती, फक्त तेव्हा ती खपून जायची. आर-410ए सोबत येणारं पीओई नावाचं कृत्रिम तेल हवेतला ओलावा स्पंजासारखं ओढतं, आणि ओलावा व उष्णता मिळाली की त्या तेलातूनच ॲसिड तयार होतं. म्हणूनच नव्या कॉम्प्रेसरची बुचं शेवटच्या क्षणी काढायची. आधी डिस्चार्जचं (गॅस बाहेर पडतो त्या तोंडाचं), मग सक्शनचं (गॅस आत येतो त्या तोंडाचं), नाहीतर तेलाचा फवारा सक्शनच्या नळीला लागतो आणि ब्रेझिंग धरत नाही. पंप लावल्यावर साध्या गेजच्या काट्यावर विसंबू नका. हवेचा दाब 7,60,000 मायक्रॉन (निर्वात मोजायचं बारीक एकक), आपल्याला पोहोचायचंय 500 च्या खाली, आणि त्या काट्यावर 5,000 आणि 500 सारखेच दिसतात. मायक्रॉन गेज लावा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नुसतं बघत बसा. आकडा चढत चढत 1,500-2,000 ला थबकला तर आत पाणी आहे, अजून ओढा. चढतच राहिला तर लीक. हललाच नाही असं समजण्याइतका मंद सरकला तर जमलं. ही दहा-पंधरा मिनिटं मला अख्ख्या कामातली सगळ्यात आवडती वाटतात, कारण इथे यंत्र स्वतःच बोलतं. या अवस्थेत मात्र कॉम्प्रेसरला करंट द्यायचा नाही, मेगरही लावायचा नाही. निर्वात जागेत टर्मिनलमध्ये आर्क होतो आणि नवा कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आधीच जळतो.

ड्रायर ‘जुनाच चालतो’ म्हणणाऱ्याने जळालेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास एकदा घ्यावा. नको, घेऊ नये. ते आम्लयुक्त असतं, हातमोज्यांशिवाय हातही लावू नये. पण तेच तेल नळ्यांतही पसरलेलं असतं. ॲसिड टेस्ट करा, लिक्विड लाइनचा ड्रायर बदला, वाइंडिंग जळालं असेल तर सक्शनला बर्नआउट ड्रायर, म्हणजे ॲसिड शोषणारा ड्रायर, बसवा, काही दिवस चालवून तेल पुन्हा तपासा आणि मग तो काढून टाका.

‘प्रेशर बघून गॅस भरा.’ त्याच प्रेशरवर कमी गॅसही असू शकतो आणि जास्तही, बाहेरच्या तापमानावर ठरतं. नेमप्लेटवर गॅसचं वजन छापलेलं असतं, वजनकाटा ठेवा. आर-410ए दोन गॅसचं मिश्रण आहे, तो सिलिंडरमधून द्रवरूपात घ्यायचा. शेवटी सुपरहीट (वाफ उकळण्याच्या तापमानाहून किती गरम) आणि सबकूलिंग (द्रव त्याच्या द्रवरूप होण्याच्या तापमानाहून किती थंड) मोजा.

दोन तासांचं म्हणाल तर सोडवणं-बसवणं खरोखर तेवढ्यात होतं, तिथे मजकूर खोटं बोलत नाही. मोठ्या युनिटचा कॉम्प्रेसर पन्नास-साठ किलोंचा असतो, तो दोघांनी उचलावा एवढं मी जोडीन.

पहिल्यांदा सुरू करताना क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवणारा) असेल तर उत्पादकाने सांगितलेले तास तो आधी चालू ठेवा. तीन फेजचा स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर असेल तर स्टार्टरजवळ उभे राहून कान द्या. खडखडाट आला, अँपिअर नेहमीपेक्षा कमी दिसले आणि सक्शनचं प्रेशर खाली, डिस्चार्जचं वर असं काहीच होत नसेल, तर तो उलटा फिरतोय. लगेच बंद करा, कुलूप पुन्हा लावा आणि कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा.