नवकानसेनांच्या हितासाठी

सर्वप्रथम अभिनंदन! सांगलीत राहून, स्वतःच्या घरात, रात्रीची जेवणं उरकल्यावर तासभर निवांत गाणं ऐकायचं तुम्ही ठरवलंय. स्वप्नं मोठीच बघावीत. मीही बघितली. दीड वर्ष एकेक वस्तू जमवत गेल्या गुरुवारी माझा सेटअप पूर्ण झाला आणि त्याच रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी निकालातही निघाला. वस्तू सगळ्या जागेवर आहेत, काही फुटलेलं नाही. तरीही. तेव्हा माझ्या अनुभवाचा लाभ घ्या, फुकट आहे.

हेडफोन घेताना ओपन-बॅकच घ्या. याच्या वाट्या मागून जाळीच्या असतात, त्यामुळे आवाज कानात कोंडत नाही. गाणारा कवटीच्या आत न बसता जरा समोर, हवेत बसल्यासारखा वाटतो. मी सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६०० घेतला. १९९७ सालचं मॉडेल, अजून विकलं जातं. म्हणजे जावई निवडताना बघतात तितकी चौकशी करूनच घेतला. जाळीतून आतलं बाहेर जातं तसं बाहेरचंही सगळं आत येतं, म्हणून जाणकार सांगतात की हा हेडफोन शांत खोलीत वापरावा. हे जाणकार बहुधा जर्मनीत राहतात.

किंमत घरी खरी सांगू नका. पण फार कमीही सांगू नका. मी दहावा हिस्सा सांगितला. आईने ती कौतुकाने शेजारच्या काकांना सांगितली, आणि काका दुसऱ्या दिवशी रोख रक्कम घेऊन दारात. "आमच्या दोघा नातवांना दोन मागवा, एवढ्या स्वस्तात मिळतोय तर." अजून पैसे माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, आणि जिन्यात काका भेटले की मी मोबाईल कानाला लावतो.

सेटअप तळमजल्यावर मांडू नका. सांगलीकराला कारण सांगायला नको.

डॅक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळे घ्या. डॅकचं काम एवढंच की फाईलमधले आकडे विजेच्या लहरीत बदलायचे, आणि ॲम्पचं काम त्या लहरीला जोर द्यायचा. आमच्या हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम, तो मोबाईलच्या जिवावर नीट गात नाही, म्हणून ॲम्प हवा हे खरं. बाकी डॅकचं म्हणाल तर बोटभर वायरीचा डोंगलही ते काम चोख करतो. पण डोंगल घेऊ नका. टेबलावर काही दिसायला नको का? पाहुणे आले की बघणार काय?

केबल महागातली घ्या. फरक पडत नाही, पण पडला असं म्हणता येतं.

नवा हेडफोन दोनशे तास 'मुरवा'. लोणचं मुरतं, मग हा का नाही मुरणार?

ॲम्पमधून बारीक गुणगुण येत असेल तर अर्थिंग तपासून घ्या, आणि पिन कापून टाका म्हणणाऱ्या वायरमनला चहा न देता परत पाठवा. (हा सल्ला मात्र खरा आहे.)

आता फाईलींचं. साध्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि त्यात २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा तरुण कान २० हजारांपर्यंत ऐकतो. माझं वय त्रेपन्न, म्हणजे वरचे मजले कधीच रिकामे झालेत. तरीही मी १,९२,००० नमुन्यांच्या फाईली मिळवल्या. कुणाच्या? गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या! खाँसाहेब गेले १९३७ साली. रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्या तव्यावर वरच्या पट्टीतलं जे काही आहे ती बहुतेक सुईची खरखर. तर ती खरखर आता मला अत्यंत सुस्पष्ट ऐकू येते, अगदी कुठल्या बाजूला चरा आहे इथपर्यंत. दीड वर्षाच्या बचतीचं चीज झालं.

पण त्या खरखरीच्या मागे जे आहे, त्याच्याबद्दल मला थट्टा जमत नाही. खाँसाहेब आमच्या पलीकडे मिरजेत राहिले, दर्ग्याच्या आवारातच विसावलेत. उरुसाला तिथे अजून गायक येऊन हजेरी लावतात. मिरजेत तंबोरा करणारा कारागीर घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, तार टेकते तिथे सुताचा धागा सरकवत सरकवत जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंज, लावतो. धागा केसभर इकडेतिकडे झाला की एका तारेतून उठणारी सुरांची रांगच बदलते. चांगला हेडफोन कशाला हवा म्हणाल तर मला एवढ्याचसाठी हवा होता, ती जवारी ऐकायला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात वाचून आम्हाला कोण आनंद! आता आमच्या भागातल्या दुसऱ्या वाद्यालाही ते मिळायला हरकत नाही.

त्यावरून शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा सल्ला. बेस वाढवू नका. एचडी ६०० ला अगदी खालचा बेस कमी पडतो, अशी जगभरच्या कानसेनांची तक्रार आहे. लोक त्यासाठी इक्वलायझर लावतात, हेडफोनच्या कानावरच्या उशा बदलतात, दुसरा हेडफोन घेतात. सांगलीत यातलं काही लागत नाही. बेस बाहेरून येतो. घरपोच.

गुरुवारी आमच्या चौकात एका भावी नगरसेवकांचा, म्हणजे भाऊंचा, वाढदिवस होता. निवडणुकीचा पत्ता नाही, पण माणूस गेली सहा वर्षं भावी आहे. मी आईला गोळ्या दिल्या, दिवा बारीक केला, तंबोऱ्याचं नुसतं रेकॉर्डिंग लावलं. षड्ज भरला. आणि धड्. धड्. धड्. हेडफोनमधून नाही, खुर्चीतून. शोकेसच्या काचा, भांड्यांच्या स्टँडमधल्या ताटल्या, देवघरातली घंटा, सगळ्यांनी साथ धरली.

खिडक्या लावा म्हणाल. लावल्या. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर, म्हणजे तेवीस फुटांची असते. आमचा हॉल चौदा फुटांचा. ती लाट आमच्या हॉलला विचारत नाही. बंद पाठीचा हेडफोन घ्या म्हणाल, तर कानावरच्या उशा शिट्ट्या अडवतात, हा दणका नाही. नॉइज कॅन्सलिंगवाला? तो कानापुरता बराच अडवेल, पण बरगड्यांना काय लावू?

मग मी जे सगळे करतात तेच केलं, ॲम्पचा आवाज वाढवला. इथे एक पाढा पाठ करून ठेवा. ८५ डेसिबल आठ तास चालतो. मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. एवढ्यातच कान जपून राहायचं. मोबाईलवरच्या मापाचा फार भरवसा नाही, पण खिडक्या बंद करून आमच्या हॉलमध्ये ते ८८ दाखवत होतं. निवासी भागाची कायद्यातली मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. हे नियम २००० सालचे आहेत. पंचवीस वर्षं जुना कायदा एव्हाना मुरलेला असायला हवा होता.

आणि नाव काय या प्रकाराला? डॉल्बी! रे डॉल्बी नावाच्या माणसाने १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. आवाजातला कचरा काढणं हा त्याचा पहिला धंदा. त्या बिचाऱ्याचा या ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतींशी काडीचा संबंध नाही. पण आम्ही नाव उचललं ते नेमकं कुणाचं, बघा.

फोन केला. कुठे ते विचारू नका, जिथे करायचा असतो तिथेच. माझं नाव, पत्ता, मजला सगळं नीट लिहून घेतलं. दहा मिनिटांत उलटा फोन आला. पण तो भाऊंच्या कार्यकर्त्याचा. "सर, आपलं काय चुकलं का?" आवाज इतका नम्र की मीच सॉरी म्हणालो.

दहा वाजून गेले होते. दहानंतर बंदी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणाला सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. भाऊंचा वाढदिवस यातल्या कुठल्या सदरात बसतो, हे विचारायला मी चपला घालून खाली गेलो.

ट्रकच्या मागे लॅपटॉपवर वाकलेला पोरगा वळला. "सर, तुमी? या की!" आठवीला माझ्याकडे गणिताला होता. चोवीस-पंचवीसचा असेल आता. त्याच्याही गळ्यात हेडफोन. बंद पाठीचा. आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"अरे, बंद कर बाळा. आई झोपल्या आहेत वर."

"सर, वर्षातनं एकदा असतंय की. जरा ॲडजेस्ट करा." मग खाली वाकून माझ्या कानाशी, "तुमच्यासाठी बेस कमी करतो. कुठलं गाणं लावू सर तुमचं?"

वर्षातनं एकदा. वरात वर्षातनं एकदा, हळद एकदा, जयंती एकदा, मिरवणूक एकदा, हंडी एकदा, निकाल एकदा, उद्घाटन एकदा. याला मी आठवीत बेरीज शिकवली होती का, याची मला तेव्हा शंका आली.

मी वळलो तर म्हणाला, "सर, एक विचारायचं हुतं. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजत्या. बारीक. बंदच हुईत न्हाई. ते काय असतंय?"

मला सांगता आलं नाही. म्हणजे येत होतं. त्या भिंतीपुढे उभं राहून ओरडून सांगता येत नव्हतं.

वर आलो तर आई पलंगावर उठून बसलेली. पदर दोन्ही कानांवर घट्ट धरलेला. एक्याऐंशी वर्षांची बाई. सव्वाबाराला थांबलं, तोवर तशीच बसून होती.

लाज वाटायला हवी आपल्याला. त्या पोराला नाही, त्याला रात्रीचे चार पैसे मिळतात आणि तो कान देऊन ते मिळवतो. लाज तुम्हाला आणि मला. सकाळी ग्रुपवर "फार त्रास झाला" लिहिता, हात जोडल्याचं चित्र टाकता, आणि संध्याकाळी पावतीपुस्तक दारात आलं की ५०१ काढून देता. वर चहा विचारता. स्वतःच्या पोराच्या हळदीला तोच ट्रक बोलावता, बिल्डिंग हादरली नाही तर पाहुणे नावं ठेवतील म्हणून. फ्लॅटमध्ये डबल काचा बसवता, एसी लावता, माझ्यासारखे शहाणे जर्मन हेडफोन घेतात, आणि जिन्यातून खाली जाऊन "बंद करा" म्हणायला एकाही घरातून दुसरा माणूस येत नाही. बारा फ्लॅट आहेत आमच्यात. गॅलरीत सगळे होते. व्हिडिओ काढत होते. मला खाली एकटा उभा बघून कुणीतरी हातही हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा चौकातला फ्लेक्स नीट वाचला. भाऊंचा गॉगल, भाऊंचा फोन कानाला, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत डावीकडून चौथं नाव आमच्या अपार्टमेंटचं. सेक्रेटरींना विचारलं तर ते रजिस्टर घेऊनच आले. "सर, मेंटेनन्समधून एकवीसशे दिलेत, ठराव झालाय." ठराव मागच्या महिन्यातल्या मीटिंगचा. खाली हात वर करणाऱ्यांची नावं, आणि दुसरं माझं.

आठवलं मला. मीटिंग लांबली होती, विषय काय चाललाय याकडे माझं लक्ष नव्हतं. हात वर करून मी सगळ्यांच्या आधी उठलो होतो, कारण खाली कुरिअरवाला ॲम्प्लिफायर घेऊन उभा होता.