वाळवी तुमची, बिल आमचं

घरभाडं घेताना घर घरमालकांचं आणि घरातलं काही बिघडलं की ते आमचं, हा कुठला न्याय? एक तारीख उलटली रे उलटली की "भाडं राहिलं वाटतं" असा मेसेज येतो, खाली हात जोडलेली इमोजी. पण बेडरूमच्या चौकटीला वाळवी लागल्याचे फोटो पाठवले, तर आठवडाभर नुसत्या निळ्या टिक्स. शेवटी मीच मालककाकांना फोन केला.

"अगं, आम्ही राहत होतो तेव्हा नव्हती हो वाळवी. तुम्ही लोकांनी पुठ्ठ्याचे खोके ठेवले असतील."

खोके! काका, वाळवी आम्ही टेम्पोत सामानाबरोबर भरून आणलेली नाही. ती जमिनीतून येते, भिंतीच्या भेगांमधून मातीच्या नळ्या बांधत वर चढते आणि ओल सापडली की तिथे मुक्काम ठोकते. आता ओल कुठली? चौकटीला लागून बाथरूमची भिंत आहे आणि वरच्या फ्लॅटच्या नहाणी ट्रॅपचं (बाथरूमच्या फरशीतल्या, पाणी वाहून जायच्या तोंडाचं) पाणी तिच्यात मुरतंय. प्लंबर येऊन बघून गेला, त्याला सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चौकटीचा ऑइलपेंट बाहेरून अगदी शाबूत दिसतो. अंगठ्याने दाबलं तर पापुद्रा आत गेला. आत लाकूड नाहीच, ओलसर माती आणि तिच्यात पांढुरक्या किड्यांची वळवळ. बिजागरीचा स्क्रू बोटांनी ओढला तरी हातात येतो. दार उचलून लावावं लागतं आणि हे म्हणतात, तुम्ही दार आपटत असाल.

वरचे म्हणतात, सोसायटीला सांगा. सेक्रेटरी म्हणतात, "दोन मेंबरांचा आपसातला प्रश्न आहे, आणि आम्ही भाडेकरूंशी बोलत नाही, मालकांना पाठवा." मालक नाशिकला. (भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मेंटेनन्समध्ये नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के. तो मालक भरतात, म्हणजे आमच्या भाड्यातूनच जातो. तेवढ्यापुरते आम्ही सोसायटीला बरोबर दिसतो.)

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 काढून वाचा. करारात उलट काही ठरलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. नाही केली दुरुस्ती, तर निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, मग भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाचून मला वाटलं, चला, सुटलो. पण मेख अशी की हे कलम भाडेकरूसाठी आहे आणि आमच्या हातातला कागद लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे कागदावर आम्ही भाडेकरू नाहीच, नुसती राहायची परवानगी मिळालेले 'लायसन्सी'. भांडायला गेलं की समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार. आणि "उलट काही ठरलेलं नसेल तर" ही पळवाट तर एजंट लोकांना तोंडपाठ आहे. सगळ्यांच्या ॲग्रीमेंटमध्ये तेच छापील वाक्य: किरकोळ दुरुस्त्या लायसन्सीने स्वखर्चाने कराव्यात. किरकोळ म्हणजे किती, ते कुठे लिहिलंय? आमच्या काकांच्या हिशेबात अख्खी चौकट किरकोळ!

मी हटवादी नाही. नळाचा वॉशर, ट्यूबलाइट, तुंबलेलं सिंक, फुटलेलं बटण यासाठी मी कधी फोन केला नाही, करणारही नाही. खरकटी रात्रभर ठेवून झुरळं झाली तर ती मारायचं जेल मी आणीन. ढेकूण माझ्या गादीतून आले तर तेही माझेच. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला, त्याच्या परिशिष्टात अशी वाटणीच करून दिलीय: बांधकामाच्या दुरुस्त्या, रंगसफेदी, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे, नळ, गटार साफ करणं, गीझर, कड्या-कुलपं, खिडकीची काच भाडेकरूकडे. गीझर आमच्याकडे का, हे मला अजून पटलेलं नाही, पण निदान कागदावर काहीतरी आहे. त्यात डासांच्या जाळ्या बदलायचं आठवणीने भाडेकरूवर टाकलंय, वाळवीचं मात्र नाव नाही. आणि तो कायदा राज्याने स्वीकारला तर लागू, तोवर नुसता आदर्श.

आता खरी गंमत ऐका. पेस्ट कंट्रोलवाला आला. म्हणाला, "मॅडम, नुसतं वरून फवारून काही होत नाही. भिंत आणि फरशीच्या सांध्याला भोकं पाडून औषध आत सोडायला लागतं, आणि आधी लीकेज बंद करा, नाहीतर पैसे पाण्यात." मग मोठ्या उत्साहाने, "पाच वर्षांची वॉरंटी देतो!" पाच वर्षांची? माझं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं! म्हणजे पैसे मी मोजायचे, पावती माझ्या नावाने आणि निर्धास्त कोण राहणार, तर माझ्यानंतरचा भाडेकरू आणि नाशिकचे काका. शिवाय भोकं पाडायला मालकाची परवानगी हवी. ती मागितली, तर उत्तर आलं: "फरशीला धक्का लागता कामा नये, नाहीतर डिपॉझिटमधून कापावं लागेल."

डिपॉझिट! सगळा माज त्यावरच तर आहे. आमचे पैसे यांच्याकडे बिनव्याजी पडून आहेत, म्हणून यांना फोन न उचलणं परवडतं. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार, ते तर आधीच सांगून ठेवलंय. ओलीने पोपडे पडलेली भिंत मीच रंगवून द्यायची! वर ओळखीचे सल्ला देतात, "जाऊ दे ना, करून टाक, कशाला वाईटपणा?" वाईटपणा मी घेतेय का इथे?

तर काका, हे वाचत असाल तर ऐका. फोटो, प्लंबरचं म्हणणं आणि पेस्ट कंट्रोलचं कोटेशन तुम्हाला स्पीड पोस्टाने पाठवलंय, व्हॉट्सॲपवर नाही. पुढच्या ॲग्रीमेंटला भाडंवाढ हवी असेल तर गळती, वाळवी आणि चौकट मालकाकडे, असं स्वच्छ लिहून आणा. नाहीतर नवीन भाडेकरूला घर दाखवायला याल तेव्हा दार मी उचलून लावणार नाही, तुम्हीच लावा.