बाटली डॉक्टरांना दाखवा

गेल्या आषाढात आईला नागीण उठली. उजव्या कुशीत, पाठीपासून पोटापर्यंत अर्धा पट्टा. तीन आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या, शेजारच्या काकूंनी "तोंडाला शेपूट मिळालं नाही ना, मग सुटलीस" असा निर्वाळाही दिला. फोड गेले आणि आग मागे राहिली. डॉक्टर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, म्हणजे नागिणीनंतर मागे राहणारं नसांचं दुखणं. आई म्हणते, "मिरची वाटून थापल्यासारखं." ब्लाउजची शिवण टोचते, पदर नको, पंख्याचा वारा नको. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून बसलेली एकाहत्तर वर्षांची बाई मी रोज बघत होते. तेव्हा पुढचं सगळं मी तटस्थपणे लिहितेय, असं कृपया समजू नका.

प्रीगाबालिन झालं, रात्रीची अॅमिट्रिप्टिलीनची बारीक गोळी झाली, लिडोकेनचा पॅच झाला. दहापैकी आठवर असलेलं दुखणं सहावर आलं आणि तिथे ठाण मांडून बसलं. घरात सल्ल्यांना सुरुवात होते ती याच टप्प्यावर. कॅलिफोर्नियातल्या चुलत बहिणीला फोन करून "येताना त्या गांजाच्या गमीज, चघळायच्या गोळ्या, आण गं चार" म्हणायचंच मी बाकी ठेवलं होतं. तिथे गांजाचा वैद्यकीय वापर १९९६ पासून कायदेशीर आहे, पण तीच पुडी आपल्या विमानतळावर उतरली की एनडीपीएसचा, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा, गुन्हा. ती वेडी नाही, तिने आणली नसतीच.

मग मावसभावाने लिंक पाठवली. विजया तेल. विजया म्हणजे भांगच, पण आयुर्वेदिक औषध म्हणून राजरोस मिळते. यात बेकायदा काही नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, पानांचं काय करायचं ते राज्यांच्या कायद्यांवर सोडलंय. त्यामुळे एकाच झाडाचा शेंडा खिशात सापडला तर तुरुंग आणि पानांचा अर्क कुरियरने घरी.

व्हिडिओ कॉलवर एक वैद्य आले. चार मिनिटं. वय विचारलं, कुठे दुखतं विचारलं. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, हा माझा गाढवपणा. तिसऱ्या दिवशी ड्रॉपर असलेली बाटली आली. वर 'विजया पत्र अर्क' आणि मिलिग्रॅमचा एक आकडा. त्यात टीएचसी किती आणि सीबीडी किती, या झाडातले हे दोन मुख्य घटक, याचा पत्ता नाही. टीएचसीने चढते, सीबीडीने चढत नाही, आणि पेशंटच्या दृष्टीने सगळा खेळ या दोघांच्या प्रमाणाचा. वाइनच्या बाटलीवर 'द्राक्षाचा रस, ७५० मिली' एवढंच छापावं तसला हा प्रकार.

चौथ्या रात्री अडीच वाजता धप्प आवाज आला. बाथरूमच्या दारात आई भिंतीला टेकून खाली बसली होती. "जमीन हलतेय गं." कुठे मोडलं नाही, नशीब. गुंगी आणणाऱ्या दोन गोळ्या आधीच पोटात होत्या, त्यावर मी तिसरी भर घातली होती.

दुसऱ्या दिवशी बाटली पर्समध्ये घालून पेन क्लिनिकला गेले. बोलणी खायची तयारी ठेवूनच. डॉक्टर रागावले ते एकाच गोष्टीवर, आधी का नाही सांगितलं. मग त्यांनी बाटली फिरवून फिरवून वाचली आणि मागच्या बाजूला तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाचा इशारा होता, इंग्रजीत आणि हिंदीत. औषध नियमांच्या ई-१ या यादीत भांग आहे आणि त्या यादीतलं काहीही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर तो इशारा छापावाच लागतो. म्हणजे चारशे रुपयांच्या कफ सिरपसारखी ही बाटली नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे. माहीत नव्हतं ते मला.

"उपयोग होतो का पण?" मी विचारलं. त्यांचं उत्तर मला अजून पाठ आहे, कारण ते गुळमुळीत असूनही प्रामाणिक होतं: "थोडा, थोड्या लोकांना."

घरी येऊन वाचत बसले. नसांच्या दुखण्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने, २०१८ मध्ये आढावा घेतला होता. दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालेले लोक, गांजाजन्य औषध घेणाऱ्यांत शंभरातले २१ आणि खोटं औषध घेणाऱ्यांत १७. चारांचा फरक. शिवाय चक्कर, गुंगी, गोंधळल्यासारखं होणं हे औषधवाल्यांतच जास्त. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुनाट दुखण्यासाठी टीएचसी असलेली औषधं देऊ नका, आणि नुसतं सीबीडी द्यायचं तर चाचणीतच द्या. दोन वर्षांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका तज्ज्ञगटाने जरा वेगळं म्हटलं: नेहमीचे उपचार पुरे पडत नसतील तर ओढायचं सोडून, म्हणजे तोंडाने वगैरे, करून बघायला हरकत नाही. आणि ही आमची कमकुवत शिफारस आहे, हेही त्यांनीच लिहिलं.

मला हे चार टक्के तुच्छ वाटत नाहीत. सहावर अडकलेल्या माणसाला पाच म्हणजे झोप. पण 'ऋषीमुनींना माहीत असलेली संजीवनी, फार्मा कंपन्यांनी दाबली' या फॉरवर्डमध्ये बसेल असंही ते नाही. गंमत म्हणजे फॉरवर्डवाल्यांना खरा अभिमान वाटावा असं काही असेल तर ते त्यांना माहीत नसतं. आपल्या मेंदूत तयार होणारा, गांजा ज्या कुलपाला लागतो त्याच कुलपाला लागणारा एक रेणू १९९२ मध्ये इस्रायलमध्ये सापडला. शोधणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून.

आणि हे प्रयोग आपल्याकडेच सुरू झाले होते. विल्यम ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात संधिवात, धनुर्वात, कॉलरा अशा रोग्यांवर भांगेच्या अर्काचे प्रयोग मांडले. एका संधिवाताच्या रोग्याला दुपारी दोनला एक ग्रेन राळ दिली. चार वाजता तो बडबडू लागला, गाऊ लागला, जास्तीचं जेवण मागू लागला, आपण ठणठणीत असल्याचं सांगू लागला. सहाला झोपला. आठला बघतात तर बेशुद्ध, आणि हात वर उचलून ठेवला तर तसाच राहतोय. ओशॉनेसीने पुढे मात्रा कमी केली. बाथरूमच्या दारातली आई आठवून मी हे दोनदा वाचलं.

आता माझं मत. आपल्या अॅलोपॅथीवाल्यांनी 'आम्हाला त्यातलं काही माहीत नाही' म्हणून हात झटकले आहेत, आणि बाजाराने मागचं दार उघडून ठेवलंय. मध्ये पेशंट. मॉर्फिनचं असंच झालं होतं. एनडीपीएस आल्यावर परवान्यांच्या जंजाळाला घाबरून इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, दहाबारा वर्षांत देशातला वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला आणि कॅन्सरचे रोगी तळमळत राहिले. पॅलिएटिव्ह केअरवाल्यांनी, म्हणजे गंभीर रोग्यांच्या वेदना कमी करणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं दारं ठोठावली तेव्हा २०१४ मध्ये कायदा सैल झाला. गांजाच्या बाबतीत तर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्याला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि भारताने बाजूने मत दिलं. तिथे हात वर करायचा आणि इथे बाटलीवर टीएचसीचा आकडासुद्धा नाही, हे मला पटत नाही. आयुर्वेदाला विरोध नाही माझा. उलट औषध म्हणून विकताय ना, मग औषधासारखं मोजून विका.

डॉक्टरांनी ते तेल आधी पूर्ण बंद केलं. दोन आठवड्यांनी, प्रमाण छापलेली दुसरी बाटली आणून, रात्री एक थेंब, आणि प्रीगाबालिन थोडं कमी. रक्त पातळ करायची गोळी आईला नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं, कारण सीबीडीने वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वगैरे होता का, तेही विचारलं. तीन महिने बघू, आकडा हलला नाही तर बंद, असं ठरलं. तो आकडा आई कालनिर्णयावर लिहिते. दुधाचा हिशेब असतो त्याच चौकोनात, कोपऱ्यात.

आता दुसरा महिना संपतोय. आकडे पाच, पाच, सहा, चार असे पडतात. तेलाने, गोळीने, की नागिणीचं दुखणं काहींचं आपसूक ओसरतं तसं, मला सांगता येणार नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. परवाच्या चौकोनात लिहिलंय: '१ लि. ५. पंखा लावला, दोनवर.'