कोळशावरची गाडी आणि दादाचा प्रश्न

"तुमची इलेक्ट्रिक गाडी पाण्याच्या विजेवर चालते, आमची चंद्रपूरच्या कोळशावर. मग धूर नुसता शहराबाहेर ढकलून काय मिळवलं?" परवा दादाने फोनवर विचारलं. प्रश्न खरा आहे. मी नॉर्वेत राहतो. इथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांमागे जवळपास ९ इलेक्ट्रिक होत्या, आणि सुमारे ९० टक्के वीज जलविद्युत प्रकल्पांची. भारतात ७० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. इथला अनुभव तिथे जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला मान्य आहे.

तरीही दादासमोर मी हिशोब मांडला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शहरात १५चं ॲव्हरेज देणारी गाडी १०० किलोमीटरला १५ किलोच्या वर ओकते. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं धरलं तर १९च्या आसपास. इलेक्ट्रिक गाडीला तेवढ्याच अंतराला, वाटेतली गळती धरून, १८ युनिट लागतात असं समजू. भारतात एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे साडेबारा किलो. कोळशाच्या विजेवरही ती पुढेच राहते, कारण पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

बॅटरी बनवतानाचं प्रदूषण मात्र विसरून चालणार नाही. मध्यम बॅटरीमागे ३ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर ते ३ टन इथे १६-१७ हजार किलोमीटरमध्ये फिटतात, भारतात जवळपास ५० हजार लागतात. वर्षाला ५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याने मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन पर्यावरण वाचवल्याचं समाधान मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इथलंही सगळं स्वच्छ नाही. हिवाळ्यात रस्त्याकडेचा बर्फ आजही काळाच पडतो. खिळ्यांचे टायर डांबर खरवडतात, ती धूळ गाडी कशावर चालते ते बघत नाही. शिवाय हाच देश समुद्रातून तेल काढून जगाला विकतो, हे मला बोचतं.

मला वाटतं, भारतातला खरा वाद मोटारींचा नाहीच. दुचाकी आणि रिक्षांचा आहे. स्कूटरची बॅटरी ३-४ युनिटची, तिचं देणं फार लवकर फिटतं. आणि सिग्नलला रिक्षामागे थांबलेल्या माणसाच्या नाकात जाणारा धूर तिथल्या तिथे थांबतो. चंद्रपूरचा थांबत नाही, म्हणून तिथल्या लोकांसाठी वीज बदलण्याचा आग्रह वेगळा धरावाच लागेल.

दादा ऑफिसला स्कूटरने जातो. चार्जिंग रात्री घरी केलं, तर ती वीज बहुतांश कोळशाची. दुपारी सौर वीज भरपूर असते, पण तेव्हा स्कूटर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तिथे साधा प्लगसुद्धा नाही. त्यासाठी व्यवस्थापनाला अर्ज कर, असं मी त्याला सांगितलं. मसुदा आम्ही दोघांनी फोनवरच लिहून काढला.